जर्मनवाल्यांचं घर

१३ एप्रिल २०२५, रविवार. शारजा

ही डायरी कंपनीने जानेवारीत सगळ्यांना वाटली होती. तीन महिने कोरीच पडली होती. आजपासून लिहायला घेतोय, आणि मराठीत लिहितोय. माझी मुलगी अरफा इथेच, शारजाच्या रोल्ला भागात वाढली. मराठी बोलते, पण वाचायला बसली की एका ओळीला दहा मिनिटं. फिरदोसला वाचता येतं, पण नवऱ्याची डायरी उघडण्याइतकी तिला हौस नाही.

कारण असं झालं की दुपारी जेवण आटपल्यावर अरफाने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "बाबा, लुक. इज धिस अवर दाऊद?"

दाऊद इस्माईल म्हणजे माझ्या आईचे आजोबा. विलायती बोटीवर खलाशी होते. १९१४ साली बोट हॅम्बुर्ग बंदरात असताना लढाई सुरू झाली आणि जर्मनांनी बोटीसकट सगळ्यांना अडकवलं. लढाई संपल्यावर गावातले बाकीचे परत आले, हे आले नाहीत. गावाने ठरवून टाकलं की दाऊदने तिकडे मडम केली. त्यांच्या बायकोला, मरियमला, लोक जर्मनवाली म्हणायला लागले. आई माहेरीच राहिली, म्हणून आमचंही घर ते जर्मनवाल्यांचं घर. आजही दाभोळच्या रिक्षावाल्याला एवढंच सांगितलं की तो दारात आणून सोडतो. मला शाळेत पोरं हिटलर म्हणायची.

अरफाने दाखवली ती बर्लिनजवळच्या एका दफनभूमीची यादी होती. त्यात दाऊद इस्माईल, खलाशी, मृत्यू १७ फेब्रुवारी १९१७. पुढे इंग्रजीत: मरियमचा नवरा, दाबोल, रत्नागेरी.

मी म्हटलं, दाऊद इस्माईल कोकणात गावागणिक दहा सापडतील.

"अँड मरियम?" अरफा म्हणाली.

मी ती ओळ पुन्हा वाचली. तेहतीस वर्षं वेअरहाऊसमध्ये काढली. लेबल आणि माल जुळल्याशिवाय मी सही करत नाही. इथे लेबल तर जुळतंय.

१६ एप्रिल, बुधवार

आईला फोन केला. ती शहाऐंशीची आहे, गावी एकटी. शेजारची आशा सकाळ-संध्याकाळ येते, तीच मोबाईल धरून समोर बसते. मी आईला यादीचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू कदी येणार?"

मी म्हटलं, "आई, मी काय सांगतोय? तुझे आजोबा, दाऊददादा सापडले असतील."

"ते कुठे जातात आता? तू कदी येणार?"

कान कमी झालेत तिचे. पुन्हा मोठ्याने सगळं सांगितलं. ठरवलंय की प्रत्यक्ष जाऊन बघायचं. यंदाची सुट्टी त्यातच घालवू. शंभर वर्षांचा डाग घराच्या नावावरून पुसला गेला तर आईला डोळे मिटण्याआधी किती बरं वाटेल.

२२ एप्रिल, मंगळवार

जर्मनीच्या व्हिसाची जूनपर्यंत अपॉइंटमेंट नाही. ऑस्ट्रियाची मिळाली, तोच व्हिसा जर्मनीतही चालतो. म्हणजे आधी व्हिएन्नाला उतरायचं, तिथे चार रात्री राहायचं, मग रेल्वेने बर्लिन आणि शेवटी हॅम्बुर्ग. मी वैतागलो होतो, पण अरफा खुश. ती म्हणाली, लढाई व्हिएन्नातूनच सुरू झाली, ती जशी पुढे सरकली तसे आपणही रेल्वेने सरकू, दाऊदपर्यंत. तिने दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या तिच्या ऑफिसात दहा दिवसांची सुट्टी मागितलीसुद्धा.

फिरदोस कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मागची सुट्टी दोन वर्षांपूर्वी. त्यात गावी अकरा दिवस. या सुट्टीत जर्मनी."

"आईसाठीच तर जातोय," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली, आणि पुढची घडी घातली. तिला यायचं नाहीये का, ते काही कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, गुडघे दुखतात.

५ मे, सोमवार. जबल अली

व्हिसा आला. त्याच दिवशी इथल्या ऑफिसात एचआरमधल्या रोनितने बोलावून घेतलं. पोरगा इथेच जन्मलेला, ठाण्याच्या कुटुंबातला, माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलतो. म्हणाला, "काका, जूनअखेर तुमचं काँट्रॅक्ट संपतंय. साठीचे होताय, पण मॅनेजमेंटला तुम्ही हवे आहात. दोन वर्षांचं एक्स्टेन्शन. फक्त सही."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? कंपनीत सत्तावीस देशांची माणसं, त्यातल्या साठीच्या माणसाला थांब म्हणतात. ट्रिपवरून आलो की सही करतो म्हणालो.

१३ मे, मंगळवार. व्हिएन्ना

काल पाय धरले होते म्हणून लिहिलं नाही. शहर इस्त्री केल्यासारखं आहे.

आज लष्करी म्युझियम पाहिलं. ज्या मोटारीत इथल्या राजपुत्राला साराजेव्होत गोळी घातली ती मोटार तिथे ठेवलीय. काळपट हिरवी, उघडी, जुन्या लग्नाच्या गाडीसारखी. शेजारच्या काचेत त्याचा निळा कोट, त्यावर रक्ताचे डाग. मी बराच वेळ उभा राहिलो. म्हटलं, "या एका मोटारीपायी आमचा माणूस अडकला."

"इट्स नॉट दॅट सिंपल, बाबा."

मग म्युझियमच्या पायऱ्यांवर बसून तिने मला तासभर समजावलं. कोणाचा कोणाशी करार, कोणाची कोणाला धमकी, महिनाभर कशा तारा आल्या-गेल्या. रेल्वेचं वेळापत्रक कसं आडवं आलं तेही. सैन्याच्या गाड्या एकदा ठरल्याप्रमाणे सुटायला लागल्या की राजांनाही थांबवणं जमेना. हे मला पटलं. माल एकदा लोड झाला की परत उतरवायला कोणी तयार नसतं.

शाळेत मी इतिहासात पस्तीस मार्कांवर पास झालो होतो. मुलगी शिकवत होती आणि मी ऐकत होतो. चांगला दिवस गेला.

१५ मे, गुरुवार. गाडीत, नंतर बर्लिन

सकाळी व्हिएन्ना सोडलं, संध्याकाळी बर्लिन. मध्ये प्राग आणि ड्रेस्डेन, गाडी बदलावी लागली नाही. एका बैठकीत तीन देश झाले आणि पासपोर्ट कोणी मागितला नाही. अरफा म्हणाली, शंभर वर्षांपूर्वी याच रुळांवरून एकमेकांना मारायला पोरं नेली, आणि आज तिकीट तपासनीस तीन भाषांत गुड मॉर्निंग म्हणतो.

प्राग सोडल्यावर गाडी नदीच्या कडेने धावायला लागली. सीमेजवळ दोन्ही बाजूंना उंच खडक, खाली संथ पाणी, त्यावर एक लांबट मालवाहू होडी. हीच एल्बा. हीच पुढे हॅम्बुर्गला जाते. मी खिडकीची जागा सोडली नाही. आमच्या खाडीच्या वळणावर असंच वाटतं, की पलीकडून कोणीतरी येतंय.

अरफाने मध्येच विचारलं, "तुम्ही फर्स्ट टाइम दुबईला आलात, तेव्हा दादी रडली होती का?"

"छे. ती चुलीपुढे बसली होती, पाठमोरी. चूल पेटत नव्हती. फुंकत होती."

"मग?"

"मग काय? दाभोळची लाँच पकडायची होती. मी निघालो."

अरफा मान वळवून बाहेर बघत बसली. तिला वाटलं असेल काहीतरी मोठी गोष्ट ऐकायला मिळेल. तसं काही झालंच नव्हतं.

१६ मे, शुक्रवार. बर्लिन

आज पाहिलं.

बर्लिनहून छोट्या गाडीने तासाभरात वुन्सडोर्फ. उतरणारे आम्ही दोघं आणि एक सायकलवाली म्हातारी. लढाईच्या काळात हिंदुस्थानी आणि मुसलमान कैद्यांची छावणी इथेच होती. जर्मनांनी मुसलमानांसाठी लाकडी मशीदही बांधली होती. कैद्यांना आपल्या बाजूने वळवायचं होतं, असं अरफा म्हणते. मशीद आता नाही. रस्त्याला मात्र अजून मशिदीचं नाव आहे. मी पाटी हाताने चाचपून पाहिली.

तिथून रानातून तासभर चाललो. वाळू आणि पाइनची झाडं, शांतता. दफनभूमीच्या नावाचं गाव होतं म्हणे, ते सरावाच्या मैदानासाठी उठवलं. गाव गेलं, मेलेले राहिले. लहानसं फाटक, आत कापलेलं गवत, पांढऱ्या दगडांच्या रांगा. रांगा सरळ आहेत. माझी नजर आधी तिकडेच गेली, सवयीने.

दुसऱ्या रांगेत अरफाला सापडला. वर अरबीत: हुवल-गफूर. तोच क्षमा करणारा. खाली इंग्रजीत नाव, खलाशी, वय, तारीख. दगडावर थोडं शेवाळ धरलं होतं, ते मी रुमालाने पुसलं. आजूबाजूला शीख, गुरखे, पठाण, आमच्यासारखे बोटीवाले. बरेचसे छातीच्या रोगाने गेले, थंडीत.

फातेहा पढलो. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मनात आलं ते एवढंच की दाऊद तेव्हा एकतीस वर्षांचे होते. अरफापेक्षा सहाने मोठे. जन्मभर ज्यांना मी मडमेच्या घरात मिशीला पीळ देत बसलेला म्हातारा समजत आलो, ते म्हातारे कधी झालेच नाहीत.

फाटकाजवळ नाव लिहायची वही असते. मी लिहिलं: शौकत, मरियमचा पणतू. मराठीत.

अरफा म्हणाली, "दादीला कॉल करा ना. आत्ता, इथून."

रेंज एकच काडी होती. आणि अशी बातमी चालता-चालता कशी द्यायची? म्हटलं, घरी गेल्यावर निवांत बोलू. तिने फोटो काढले. परतीच्या वाटेवर ती फोनमध्ये डोकं घालून चालत होती.

१८ मे, रविवार. हॅम्बुर्ग

खरं सांगायचं तर सगळ्या प्रवासात मला इथे सर्वांत घरच्यासारखं वाटलं. बंदरात फिरवणाऱ्या बोटीत बसलो. त्याच क्रेन, तेच कंटेनर, त्याच कंपन्यांची नावं. इथून निघालेली पेटी महिनाभरात माझ्या शेडमध्ये येते. अरफाला मी क्रेन कशी चालते, पेटीवरचा नंबर कसा वाचायचा, रिकामी पेटी कुठे जाते, सगळं सांगितलं. ती हसून म्हणाली, "बाबा, यू आर ग्लोइंग."

मग जुन्या गोदामांकडे उतरलो. लाल विटांच्या उंच इमारती, मध्ये कालवे. १९१४च्या ऑगस्टमध्ये दाऊदची बोट इथेच कुठेतरी बांधलेली असणार. बोटीवरून शहर दिसत असणार, माणसं दिसत असणार. अरफाने विचारलं, त्यांनी घरी पत्र लिहिलं असेल का? मी म्हटलं, लिहिता येत नव्हतं. कोणाकडून लिहून घेतलं असेल तरी पोचलं नाही.

"समवन शुड हॅव टोल्ड हर," ती म्हणाली. मरियमला कोणीतरी सांगायला हवं होतं.

मी म्हटलं, आता सांगतोय ना आपण.

२३ मे, शुक्रवार. शारजा

मंगळवारी पोचलो. दोन दिवस शेडमध्ये कामाचा ढीग होता. आज जुम्म्याची नमाज पढून आलो आणि आईला फोन लावला. म्हटलं, "आई, बस नीट. आम्ही दाऊददादांची कबर पाहून आलो."

"बघितली मी. अरफाने मोबाईलवर टाकली, आशाने दाखवली. त्या शुक्रवारीच."

मी चकित झालो. आठवडा झाला. "मग फोन नाही केलास?"

"तू करशील म्हटलं."

अरफा दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मग आई बोलत राहिली. इतकं ती कित्येक वर्षांत बोलली नसेल. मरियमदादीने तिला वाढवलं होतं, तिच्याच कुशीत ती झोपायची. म्हणाली, "दादीच्या हातात मरेपरत हिरव्या बांगड्या होत्या. विहिरीवर बायका हसायच्या. नवऱ्याने टाकलीय आणि बांगड्या किणकिणवते. ती बोलायची नाय. एक फुटली की दुसरी भरायची. आता बघ, तिच्या बांगड्या खोट्या नव्हत्या. त्याने टाकली नव्हती तिला."

"तेच ना आई, तेच सांगायचं होतं मला."

"पण ती नवरा गेल्यावरच्या इद्दतीत बसलीच नाय. रडलीच नाय. रडायचं कसं, माणूस जिता असला तर?"

मी विचारलं की मुळात मडमेची गोष्ट आली कुठून. आई म्हणाली, गावचा एक सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, दाऊदसोबत त्याच बोटीवर होता. लढाई संपल्यावर तो परत आला. मरियम पोराला कडेवर घेऊन त्याच्या दारात गेली. सारंगाने खाली बघून एवढंच सांगितलं, "दाऊद तिकडेच राहिला."



"राहिला म्हणजे काय, ते कोणी विचारलं नाय," आई म्हणाली. "विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नसेल. लोकांनी आपला सोपा अर्थ घेतला. दादीने पण घेतला. त्यात तो जिता होता."

एका शब्दात शंभर वर्षं गेली. मी दगडाचा फोटो मोठा करून, फ्रेम करून पाठवीन म्हणालो. आई म्हणाली, "फोटो आहे मोबाईलात. तू कदी येणार?"

"बघतो आई. इन्शाल्ला."

फोन आशाकडे गेला. आईची तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. ती म्हणाली, "बऱ्या आहेत काकी. जेवतात थोडं. दुपारी ओटीवर बसतात चारची एसटी येईपर्यंत."

"का? कोणी येणार असतं का?"

"नाही. बसतात. एसटी गेली की आत येतात."

उन्हाळ्यात आत घुसमटतं, ओटीवर वारा असतो. फिरदोस स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. जेवायला मला वाढून ती गॅलरीत जाऊन बसली. मी काय केलं कळेना.

२७ मे, मंगळवार

सहीसाठी रोनितकडे गेलो. त्याने फॉर्म काढला. शेवटच्या पानावर होम लीव्हचा रकाना होता, तो सिस्टीममधून आपोआप भरतो. रोनितच्या तोंडून सहज निघालं, "काका, तुम्ही फारच कमी सुट्ट्या घेतल्यात हो. २००३पासूनचं रेकॉर्ड आहे. बावीस वर्षांत इंडियात दोनशे सहा दिवस."

मी म्हटलं, चुकलं असेल. स्टॉक रिपोर्टमध्येही चुका निघतात. सही उद्या करतो.

घरी येऊन कपाटातले जुने पासपोर्ट काढले. खाटेवर मांडून शिक्के जुळवले, येण्याचा आणि जाण्याचा. दोनदा मोजले. दोनशे चार निघाले. सिस्टीमने दोन दिवस जास्त धरले होते.

अरफा माझ्यासमोर येऊन बसली. पासपोर्टवर नजर टाकली.  तिने आपणहून एकेक पासपोर्ट मिटून रबर लावला.

२९ मे, गुरुवार

सही केली नाही.

रोनितला वाटलं पगारावरून अडलंय. "वर बोलू का काका? थोडं वाढवतील."

"पगाराचं नाही."

"मग दुसरीकडून ऑफर?"

"नाही रे. आई आहे," मी म्हटलं. एवढंच सांगता आलं. पुढे काही जोडावं म्हणून तोंड उघडलं, पण पुढे काही नव्हतंच. रोनितने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "ओके काका. खलास. जूनअखेरचं क्लिअरन्स काढतो."

शेडमध्ये परत आलो. पॅलेटवर बसून राहिलो. तेहतीस वर्षांपूर्वी या वाळवंटात उतरलो तेव्हाही इतकी भीती वाटली नव्हती. गावी करणार काय मी? मला मासे धरता येत नाहीत, आंबे मोजता येत नाहीत, मशिदीत पुढच्या रांगेत कोण बसतं तेही आता ठाऊक नाही. सकाळी साडेपाचला कंपनीची बस येणार नाही, तर उठायचं कशासाठी?

फिरदोसला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले. म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा. मी घर आवरून, अरफाची सोय लावून ऑगस्टमध्ये येते." मग परत मळायला लागली. जरा वेळाने पाहिलं तर डोळे पुसत होती, पिठाच्याच हाताने. कपाळालाही पीठ लागलं होतं. मी म्हटलं, गुडघे दुखतायत का? ती हसायला लागली.

१ जून, रविवार

तिकीट काढलं. २ जुलै, मुंबई. एकेरी. परतीचं न काढता तिकीट काढायची ही पहिलीच वेळ. बटण दाबताना अरफाला तीनदा विचारलं, बरोबर आहे ना? ती म्हणाली, "बरोबर आहे, बाबा." मराठीत.

मग आईला फोन लावला. आज आशा नव्हती, आईने स्वतःच उचलला. पडद्यावर तिचं अर्धं कपाळ आणि घराचे वासे दिसत होते.

मी म्हटलं, "आई, मी येतोय. दोन जुलैला."

"बरं."

"कायमचा येतोय. नोकरी सोडली."

पडद्यावरचं कपाळ हललं नाही. मला वाटलं आवाज पोचला नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "बरं. आल्यावर बघू."

आणि मग, कोंबड्यांना आत घ्यायचंय म्हणून तिने फोन ठेवला.

मला वाटलं होतं ती खुश होईल. दाऊददादांच्या कबरीचं ऐकून एवढं बोलली, आणि माझ्या येण्यावर दोन शब्द. फिरदोस म्हणते, जा तुम्ही, दारात दिसा, मग बघा. तसं असेलही. दाभोळला उतरून रिक्षा केली तर चारच्या एसटीच्या आधी पोचेन. पण वाटतंय, एसटीनेच जावं.